नाशिकहून बार्नार्डच्या ताऱ्याचं अंतर: कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

तारा ठरला. बार्नार्डचा तारा, भुजंगधारी तारकासमूहात, ९.५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा अंधुक), नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही पण कॅमेऱ्याला अगदी सोपा. आधी ६१ सिग्नी डोक्यात होता, कारण जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ साली पॅरॅलॅक्सवरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे किंचित हेलकावताना दिसतो, त्यावरून) अंतर काढलं ते त्याचंच. पण त्याचा पॅरॅलॅक्स ०.२९ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि बार्नार्डचा ०.५५, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि आपल्या सामानावर दुप्पट म्हणजे लॉटरीच. मित्र तारा म्हणजे अल्फा सेंटॉरी याहून जवळ आहे, पण तो नाशिकहून दक्षिणेला जेमतेम ९ अंश वर येतो, तिथे मोजमाप विसरा.

बार्नार्डची अजून एक गंमत आहे. हा तारा स्वतःच भयंकर पळतो, वर्षाला १०.४ आर्कसेकंद, कुठल्याही ताऱ्यापेक्षा जास्त (१९१६ मध्ये बार्नार्डने हेच दाखवलं म्हणून त्याचं नाव). पण पळतो तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे, आणि पॅरॅलॅक्सचं हेलकावणं त्या भागात मुख्यतः पूर्व-पश्चिम. दोन्ही गोष्टी आपोआप वेगळ्या पडतात, मोजणाऱ्याला आणखी काय पाहिजे.

सामान: जुनी घेतलेली ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ १००० मिमी, माउंटसकट (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारा स्टँड) ५५,०००. जुना कॅनन ६००डी, १४,०००. त्याचा पिक्सल ४.३ मायक्रॉनचा, म्हणजे या दुर्बिणीवर एक पिक्सल = ०.८९ आर्कसेकंद. सहा-सात महिन्यांत पॅरॅलॅक्समुळे तारा सरकणार तो साधारण एक पिक्सल. सगळं काम त्या एका पिक्सलचं आहे.

वेळापत्रक मात्र नाशिकच्या विरोधात आहे. हेलकाव्याची टोकं येतात २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास. मार्च छान, पहाटे आकाश मोकळं. सप्टेंबरमध्ये इथे काय असतं ते सांगायला नको. म्हणून दुसरं टोक ऑक्टोबरवर ढकललं, थोडा पॅरॅलॅक्स सोडून द्यावा लागेल.

१८ फेब्रुवारी

ताऱ्याआधी गच्चीवर रंगीत तालीम. इंदिरानगरच्या गच्चीच्या दोन टोकांवरून, मध्ये ८ मीटर, समोरच्या मोबाईल टॉवरचे ५० मिमी लेन्सने फोटो काढले, मागे पांडवलेणीचा डोंगर. डोंगराच्या तुलनेत टॉवर ११० पिक्सल सरकला, एक पिक्सल १७.७ आर्कसेकंदाचा, म्हणजे कोन ०.००९४ रेडियन. ८ भागिले ०.००९४ = ८५० मीटर. नकाशावर टॉवर ७०० मीटरवर.

कारण उघड आहे, डोंगर काही अनंत अंतरावर नाही, चारेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे तोही सरकतो आणि टॉवरचं सरकणं तेवढं कमी दिसतं, अंतर जास्त येतं. डोंगराचा वाटा मिळवला की बरोबर ७०० च्या जवळ येतं. ताऱ्यांच्या बाबतीत हा त्रास जवळपास नाही, मागचे तारे शेकडो-हजारो प्रकाशवर्षं लांब आहेत, त्यांचं सरकणं एक-दोन हजारांश आर्कसेकंद वगैरे. पण ज्याला हे करून बघायचंय त्याने ही तालीम नक्की करावी, अर्ध्या तासात पॅरॅलॅक्स हाताला लागतो.

२ मार्च

कॅमेरा दुर्बिणीला जोडायची रिंग. ऑनलाइन मागवली तर दोन आठवडे लागणार होते म्हणून अंबडला लेथवर करून घेतली, ॲल्युमिनियमची. ४२ मिमीचे आटे हवेत एवढं सांगितलं होतं. पण ४२ मिमीत दोन प्रकार आहेत, जुन्या लेन्सचे आटे १ मिमी पिचचे आणि दुर्बिणीच्या टी-रिंगचे ०.७५ मिमीचे. कारागिराने १ चे काढले, त्याच्या हिशोबाने बरोबरच. रिंग दीड वेढा फिरली आणि अडकली, ती सोडवायला पुन्हा त्याच्याकडेच गेलो, त्याने रबराच्या पट्ट्याने धरून एका झटक्यात काढली. दुसरी रिंग ०.७५ ची. दोन्ही मिळून १,१००, आणि एक शनिवार गेला. लेथवाल्याकडे जाताना पिच लिहून न्या, त्याहून बरं म्हणजे जिच्यावर बसवायचं ती वस्तूच घेऊन जा.

१७ मार्च, पहाट

दिंडोरी तालुक्यात मामांच्या मळ्यावर. शहरातूनही ९.५ प्रतीचा तारा मिळाला असता, पण तुलनेसाठी आजूबाजूचे ११-१२ प्रतीचे तारे पण हवेत, तिथे अंधाराचा फायदा होतो.

आदल्या पहाटेचं सगळं काम वाया गेलेलं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती, बोअरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज धपकन खाली, माउंटचा अडॅप्टर बंद पडायचा आणि दुर्बीण तारा सोडून द्यायची. आज मामांनीच तोडगा काढला, पाठीवरच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढून दिली. माउंट त्याच्यावर रात्रभर चाललं. "उद्या फवारणीच्या आत चार्ज करून ठेव म्हणजे झालं," एवढीच अट.

शोधायला सोपं आहे. बीटा भुजंगधारी, तिथून पूर्वेला चारेक अंशांवर ६६ भुजंगधारी, आणि तिच्या वायव्येला पाऊण अंशाच्या आत आपला तारा. ६६ ला फ्रेमच्या बाहेर ठेवा, तिचा उजेड पसरतो.

पहिले फोटो ३० सेकंद, आयएसओ ८०० वर काढले. दिसायला सुंदर, मोजायला निरुपयोगी. तारा मध्ये पूर्ण पांढरा जळालेला, आणि जळालेल्या ठिपक्याचा मध्यबिंदू काढता येत नाही. आयएसओ १००, १० सेकंद, आणि अशा ६० फ्रेम्स, हे जमलं. हवेमुळे तारा एकेका फ्रेममध्ये इकडेतिकडे उडतो, त्याला उपाय फ्रेम्सची संख्या हाच. माउंटच्या गिअरमुळे तारा हळूहळू चार-पाच पिक्सल भटकतो, ते थांबवायला गेलो नाही, उलट बरंच आहे, एकाच पिक्सलचा दोष सगळ्या फ्रेम्समध्ये येत नाही.

सगळ्या फाइल्स रॉ (कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं, तिन्ही रंग वेगळे काढता येतात). जेपेग नाही. हे पुढे किती उपयोगी पडलं ते एप्रिलच्या नोंदीत येईल.

उजाडायला लागलं, द्राक्ष तोडणारी माणसं डोक्याला टॉर्च लावून बागेत शिरली, आवरलं.

२४ मार्च

मोजणीची पद्धत ठरवायला हा आठवडा गेला. सिरिलमध्ये फ्रेम्स एकमेकांवर बसवल्या, अ‍ॅस्ट्रोइमेजजेमध्ये प्रत्येक ताऱ्याचा मध्यबिंदू काढला, पुढचं एक्सेल. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

कॅमेरा पुढच्या वेळी थोडा वाकडा बसणारच, त्यामुळे नुसतं "तारा एवढे पिक्सल सरकला" म्हणून चालत नाही. आजूबाजूचे २५ तारे घेतले, त्यांच्यावरून सरकणं, फिरणं आणि स्केल तिन्ही काढून टाकायची आणि मग उरेल ते बार्नार्डचं. गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये बघून ज्यांची निजगती (आकाशातली स्वतःची चाल) जास्त आहे असे तारे यादीतून काढले. एका फ्रेममध्ये चूक साधारण ०.१५ पिक्सल, ६० फ्रेम्सच्या सरासरीत ०.०२. म्हणजे एका पिक्सलचं सरकणं पकडायला कागदावर तरी काही अडचण नाही.

जुलैमध्ये कधीतरी

पाऊस. दुर्बीण प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आरशावर बुरशी येऊ नये एवढंच काम.

५ ऑक्टोबर

संध्याकाळी मळ्यावर पोचलो, दुर्बीण थंड व्हायला म्हणून उघडी करून ओट्यावर ठेवली. गोडी छाटणी होऊन कोवळी पानं फुटलेली आणि दोन दिवस पावसाची भुरभुर, म्हणजे डाऊनीची (द्राक्षाच्या पानांवर येणाऱ्या बुरशीची) भीती, त्यामुळे फवारणी टाळता येत नव्हती. दोन प्लॉट पलीकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता, वारा आमच्याकडे. मामा लांबून ओरडले, "अरे झाकण लाव त्याला, औषध चाललंय," तोवर व्हायचं ते झालेलं. टॉर्च मारून आत बघितलं तर आरशावर बारीक ठिपक्यांची निळसर झाक. नंतर ढगही आले, म्हणजे तसंही काही झालं नसतं.

आरसा काढून भरपूर डिस्टिल्ड वॉटरने नुसता ओतून धुतला, कापूस लावला नाही. ठिपके गेले. २ बाटल्या, १२० रुपये, आणि पुन्हा कॉलिमेशन (आरशांची जुळणी). मार्च आणि ऑक्टोबरच्या मोजणीत कॉलिमेशन वेगळं असलं तर काय होतं हा प्रश्न तेव्हाच पडला. उत्तर असं की तारा दोन्ही वेळा फ्रेमच्या मध्यावर ठेवा, कडेला न्यूटोनियनचा कोमा ताऱ्यांना शेपटी लावतो आणि मध्यबिंदू शेपटीकडे ओढला जातो. तुलनेचे तारेही मधल्या भागातलेच घ्या.

२६ ऑक्टोबर

अखेर स्वच्छ आकाश. पण वेळ कमी, अंधार पडेपर्यंत तारा पश्चिमेला ४५-५० अंशांवर आलेला, पावणेसात ते पावणेआठ एवढाच तास. शिवाय त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू त्याच भुजंगधारीत होता, त्यामुळे वस्तीवरची सगळी पोरं दुर्बिणीपाशी. त्यांना दुसरी छोटी दुर्बीण लावून दिली, नाहीतर माझा तास गेला असता. (याच महिन्याच्या १ तारखेला बार्नार्डभोवती ३.१५ दिवसांत फिरणारा ग्रह सापडल्याचं जाहीर झालं, ते सांगितल्यावर दोघं-तिघं माझ्याकडेही येऊन स्क्रीनवरच्या त्या ठिपक्याकडे बघून गेले. धूमकेतूची सर त्याला नाही.)

दव प्रचंड. छोट्या आरशावर चढायला लागलं तेव्हा मामीचा हेअर ड्रायर, लांबून, दर दहा मिनिटांनी. ६० पैकी ५२ फ्रेम्स चांगल्या.

२ नोव्हेंबर

दिवाळीत घरी बसून मोजणी. मार्चच्या तुलनेत तारा उत्तरेला सुमारे ७ पिक्सल. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दोन फोटो आलटून पालटून दाखवले की तारा उडी मारतो, घरातल्या सगळ्यांना दाखवून झालं. आणि पश्चिमेला १.७१ आर्कसेकंद.

१७ मार्च ते २६ ऑक्टोबरमध्ये पृथ्वी ताऱ्याच्या दिशेला आडवी किती सरकली ते काढलं, १.८२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, कक्षेचा पूर्ण व्यास २, उशीर झाल्यामुळे एवढंच मिळालं). बारावी सायन्सचा मामेभाऊ शेजारी बसलेला, त्याने लगेच १.७१ भागिले १.८२ करून पॅरॅलॅक्स ०.९४ काढला, एक भागिले तो (हे अंतर पार्सेकमध्ये), गुणिले ३.२६ (एका पार्सेकची प्रकाशवर्षं), आणि जाहीर केलं की अंतर साडेतीन प्रकाशवर्षं. "दादा, मग हा प्रॉक्झिमापेक्षा जवळ झाला की!" प्रॉक्झिमा हा सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. नवा शेजारी सापडला वगैरे म्हणून मस्त हसून घेतलं.

तो पळतो जवळजवळ उत्तरेकडे, पण अगदी सरळ नाही, थोडा पश्चिमेकडेही जातो. १.७१ मध्ये ती चालही आहे. दोन रात्रींच्या मोजणीत हेलकावा किती आणि चाल किती हे वेगळं करता येतच नाही, तिसरी रात्र लागते, आणि ती पुन्हा मार्चमध्येच हवी, म्हणजे पृथ्वी त्याच जागी आलेली असेल आणि उरेल ती निव्वळ चाल. कॅटलॉगमधून निजगती उचलून आजच उत्तर काढता आलं असतं, पण मग अर्धं मोजमाप दुसऱ्याचं. थांबलो.

३० मार्च २०२५, पाडवा

एक आठवडा उशिरा, कारण २२-२३ तारखेला अर्धा चंद्र नेमका त्याच भागात होता. आज अमावास्या उलटलेली, आकाश गच्च काळं. गेल्या वर्षीइतक्याच उंचीवर तारा असताना फ्रेम्स घेतल्या. सहाला आवरून गाडी काढली, घरी गुढी उभारायची होती.

६ एप्रिल

तारा पहिल्या मार्चपासून १२ पिक्सल उत्तरेला, पश्चिमेला ०.८२ आर्कसेकंद. मधला काळ १.०४ वर्षं, म्हणजे पश्चिमेकडची चाल वर्षाला ०.७९. मार्च ते ऑक्टोबर ०.६१ वर्षं, त्यात चालीचा वाटा ०.४८. १.७१ मधून वजा, उरले १.२३, भागिले १.८२, पॅरॅलॅक्स ०.६८. अंतर ४.८ प्रकाशवर्षं.

खरं आहे ५.९६. वीस टक्के चूक, आणि फ्रेम्सच्या पसाऱ्यावरून काढलेली अनिश्चितता जेमतेम सहा-सात टक्के. हे बसत नाही. सगळी एक्सेल पुन्हा तपासली, तुलनेचे तारे बदलून बघितले, आकडा हलेना.

१३ एप्रिल

सापडलं बहुतेक. ऑक्टोबरच्या त्या एका तासातल्या पहिल्या वीस आणि शेवटच्या वीस फ्रेम्स वेगवेगळ्या मोजल्या. तासाभरात तारा ०.०७ आर्कसेकंद पश्चिमेला गेलेला दिसतो. एवढा पळणारा तारा असला तरी एका तासात तो हजारांश आर्कसेकंद जातो, त्यामुळे हे आकाशातलं नाही. त्या तासात बदललं काय तर उंची, तारा खाली खाली जात होता. मग तुलनेच्या ताऱ्यांत एक चांगला लाल तारा होता तो बघितला, तोही त्याच दिशेला. पांढरे-निळे तारे जागेवर.

हवेमुळे प्रकाश वाकतो आणि तारा असतो त्याहून थोडा वर दिसतो, ४५ अंशांवर जवळपास एक आर्कमिनिट. त्याचं आपल्याला काही नाही, सगळेच तारे वर जातात. पण निळा प्रकाश जास्त वाकतो, लाल कमी, त्या उंचीवर दोघांत जवळपास १ आर्कसेकंदाचा फरक. बार्नार्ड लालभडक बटुतारा, त्यामुळे तो बाकीच्यांच्या मानाने कमी उचलला जातो, म्हणजे क्षितिजाकडे सरकलेला दिसतो. मार्चच्या पहाटे क्षितिज पूर्वेला, म्हणून पूर्वेकडे सरकलेला. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेला, म्हणून पश्चिमेकडे. आणि पॅरॅलॅक्सही नेमका मार्चमध्ये पूर्वेला, ऑक्टोबरमध्ये पश्चिमेला ढकलतो! हवेची चूक दर वेळी पॅरॅलॅक्सचा वेष घेऊन त्याच्यात मिसळते, फ्रेम्स कितीही वाढवल्या तरी ती जात नाही. मी आपला सरासरी घेत बसलेलो.

तारा बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर असताना मोजला तर हा त्रास पूर्व-पश्चिमेत येत नाही, पण मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो त्या रेषेवर येतो सकाळी आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणजे उजेडात.

२० एप्रिल

उपाय: फक्त लाल रंगाचा पट्टा वापरायचा, त्यात सगळे तारे जवळजवळ सारखेच वाकतात. रॉ फाइल्स होत्या म्हणून पुन्हा वर्षभर थांबायची गरज पडली नाही, तिन्ही रात्रींच्या फ्रेम्समधून लाल चॅनल वेगळा काढला. कॅमेऱ्यात चारातला एकच पिक्सल लाल असतो, त्यामुळे बारकावा निम्मा होतो आणि एका फ्रेमची चूक वाढते, पण तारा पुरेसा पसरट असल्याने चाललं. सिरिलमध्ये चॅनल वेगळा काढताना शेजारच्या पिक्सलवरून भरणी करणारा पर्याय घेऊ नका, त्यात हिरवा रंग मिसळतो.

लाल चॅनलमध्ये: ऑक्टोबरला पश्चिमेकडे १.५४, दुसऱ्या मार्चला ०.८५. चाल वर्षाला ०.८२, तिचा वाटा ०.५०, उरले १.०४, भागिले १.८२, पॅरॅलॅक्स ०.५७, कमी-जास्त ०.०४. अंतर ५.७ प्रकाशवर्षं, अनिश्चितता धरून ५.३ ते ६.२. खरं उत्तर आत बसतं.

मामेभावाला त्रिकोणानेच करायचं होतं म्हणून त्याने टॅन घेऊन किलोमीटरमध्ये काढलं: १.८२ गुणिले १४.९६ कोटी, भागिले १.०४ आर्कसेकंदाचा टॅन, उत्तर ५४ लाख कोटी किलोमीटर. तेच.

खात्री म्हणून हिरव्या चॅनलमध्येही मोजलं, पॅरॅलॅक्स ०.६१ आला. तिन्ही रंग एकत्र ०.६८, हिरवा ०.६१, लाल ०.५७, उतरण बरोबर त्याच बाजूला. लालमध्येही थोडी चूक उरलेलीच असणार, ०.५७ वरच राहिलाय तो कदाचित त्यामुळेच.

२७ एप्रिल

खर्च, दुर्बीण आणि कॅमेरा सोडून: रिंगा १,१००, डिस्टिल्ड वॉटर १२०, पेट्रोल वेगळं. पुढच्या खेपेसाठी गडद लाल फिल्टर मागवलाय, २,४००, तो लावून काळा-पांढरा कॅमेरा कुणाकडून उसना मिळाला तर सगळे पिक्सल कामाला येतील.

तीन रात्री आणि दोन अज्ञात, चाल आणि पॅरॅलॅक्स. (पहिली रात्र नुसती शून्य ठरवण्यात जाते.) म्हणजे तपासायला जास्तीचं काहीच उरत नाही, एक रात्र बिघडली तर कळणारही नाही. म्हणून मे महिन्यात एक रात्र घालतोय, तेव्हा तारा मध्यरात्रीनंतर माथ्याच्या थोडा दक्षिणेला येतो, रंगाची चूक जवळजवळ शून्य. पॅरॅलॅक्स त्या वेळी फार मिळत नाही, पण बाकीच्या रात्रींना टेकू मिळेल. आणि मग ऑक्टोबर. छाटणीच्या तारखा मामांकडे आत्ताच मागितल्या, फवारणी सकाळी घेता येईल का तेही विचारलं. "घेऊ की सकाळी," म्हणाले, "पण पाऊस झाला तर तुझ्या ताऱ्यासाठी थांबणार नाही हां."